अकरा वर्षांचा मालक, दोनशे वर्षांचे भाडेकरू : गोष्ट विश्रामबाग वाड्याची

(या भागाची संहिता. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

हेडफोन नीट लावा, आणि बाजीराव रोडवर असाल तर आधी फुटपाथवर या. कारण आज ज्या घराबद्दल बोलणार आहे, ते बघायला मान वर करावी लागते. आणि बाजीराव रोडवर मान वर करून चालणं किती धोक्याचं आहे, ते तुम्हाला माहितीये.

तुळशीबागेत खरेदीला आलात, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला आलात, की हा वाडा वाटेत लागतोच. लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब, मोठा दरवाजा. मी पुण्यात आल्यावर पहिली दोन वर्षं 'विश्रामबाग' हे फक्त बसचा स्टॉप म्हणून ओळखत होतो. आत जायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. घर कुणाचं होतं, हे तर लांबच.

कुणाचं होतं? पाटीवर उत्तर सोपं आहे : दुसऱ्या बाजीराव पेशव्याचं. पण हिशेब मांडला तर गंमत वाटते. बाजीराव इथे राहिला जेमतेम दहा-अकरा वर्षं. त्यानंतर वाडा दोनशेहून जास्त वर्षं उभा आहे. त्या दोनशे वर्षांत इथे कोण कोण राहून, शिकून, शिकवून, सह्या करून गेलं, ते पाटीवर कसं मावणार? म्हणून आजचा भाग.

आधी मालकाचं बघू. शनिवारवाडा असताना बाजीरावाला दुसरं घर कशाला हवं होतं? जरा त्याच्या जागी उभं राहून बघा. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, आणि त्या खुनात नाव कुणाचं? बाजीरावाच्या वडिलांचं, रघुनाथरावाचं. १७९५ साली सवाई माधवराव त्याच वाड्यात वरून पडून गेला. अशा घरात तुम्हाला शांत झोप लागली असती का? त्यात १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेला हरवलं. बाजीराव पळाला, वसईला इंग्रजांशी तह केला आणि १८०३ मध्ये त्यांच्याच पाठबळावर पुण्यात परत आला. हा वाडा त्यानंतरचा. १८०७ मध्ये तो राहण्याजोगा झाला. खर्च साधारण दोन लाख रुपये.

म्हणजे बघा, नाव विश्रामबाग, आणि बांधणाऱ्याच्या आयुष्यात विश्रांती सोडून सगळं होतं. बाजीरावाला 'पळपुटा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आपण शाळेत तेच केलं. पण सज्जावरची ती नाजूक पानंफुलं बघताना मला वाटतं, या माणसाला घर कसं असावं हे कळत होतं. राज्य कसं असावं, हा वेगळा विषय.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पुणं गेलं. पुढच्या जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन कानपूरजवळच्या बिठूरला गेला, आणि १८५१ मध्ये तिथेच वारला. पुण्याच्या या घरात राहिला त्याच्या तिप्पट वर्षं तो बिठूरला राहिला.

आता रिकाम्या वाड्याचं काय करायचं? इथे एक वेगळाच धागा येतो : दक्षिणा. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे, मोठी रक्कम जायची. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनपुढे प्रश्न होता. बंद केली तर लोक बिथरतील, चालू ठेवली तर खर्च. मग त्यातला काही पैसा वळवून १८२१ च्या ऑक्टोबरात या वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. व्याकरण, न्याय, ज्योतिष, वैद्यक असले विषय. सुरुवातीला विद्यार्थी फक्त ब्राह्मण. जिथे पेशवा राहायचा तिथे आता शास्त्रीबुवा सूत्रं घोकून घेत होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले.

पुढे १८३७ मध्ये पाठशाळेवर एक इंग्रज सुपरिंटेंडेंट आला. मेजर थॉमस कँडी. हे नाव लक्षात ठेवा, कारण तुम्ही दिवसाला शंभर वेळा त्याचं काम वापरता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात कँडीचा मोठा वाटा आहे. आणि मराठीत स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह रुळवण्याचं श्रेय त्यालाच देतात. त्याआधीच्या मोडी कागदांत ही चिन्हं नव्हतीच, सगळं सलग. आज कुणी तुम्हाला 'बरं.' असं टिंब देऊन मेसेज पाठवला आणि तुम्ही अर्धा तास 'हा चिडलाय का?' म्हणून विचार केलात, तर थोडा दोष विश्रामबाग वाड्यातल्या त्या मेजरला द्या.

१८५१ मध्ये ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र झाल्या, पूना कॉलेज तयार झालं. हे तेच वर्ष, ज्या वर्षी बिठूरला बाजीराव गेला.

आणि आता जो दिवस मला या घराच्या सगळ्या दिवसांत सगळ्यात मोठा वाटतो, तिथे येऊ. १६ नोव्हेंबर १८५२.

थोडं मागे जावं लागेल. इथून चालत दहा मिनिटांच्या आत, बुधवार पेठेत भिडे वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. पुढचं तुम्हाला माहितीये. सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकला गेला, जोतीरावांच्या वडिलांवर इतका दबाव आला की दोघांना घर सोडावं लागलं. शाळा मधे बंद पडली, पण १८५१ च्या जुलैत बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा सुरू झाली. मग सप्टेंबरात रास्ता पेठेत, पुढच्या मार्चमध्ये वेताळ पेठेत. वर्षभराच्या आत तीन शाळा.

आणि त्या नोव्हेंबरात सरकारने जोतीरावांचा सत्कार ठरवला. जागा? विश्रामबाग वाडा. शाल अंगावर घातली मेजर कँडीने.

जरा थांबून चित्र डोळ्यांपुढे आणा. पेशव्याने बांधलेला वाडा. त्यात दक्षिणेच्या पैशावर निघालेली, फक्त ब्राह्मणांसाठी सुरू झालेली पाठशाळा. आणि त्याच वाड्यात पंचविशीतला एक माळ्याचा मुलगा, ज्याला वडिलांच्या घरातून बाहेर पडावं लागलं होतं, तो मुलींना शिकवल्याबद्दल शाल घेतोय. समोरच्या गर्दीत कुणाच्या मनात काय चाललं असेल? काही जणांनी टाळ्या वाजवल्या असतील, काही जण दात-ओठ खात बसले असतील. हा क्षण मला तरी शाळेच्या पुस्तकात कधी या वाड्याच्या नावासकट भेटला नव्हता. आता त्या दरवाज्यातून जाताना मला बाजीराव आठवतच नाही, जोतीराव आठवतात. एक खटकतं, तेही बोलतो. शिकवायला उभ्या राहणाऱ्या सावित्रीबाईच होत्या, आणि शाल जोतीरावांना.

यानंतरचे भाडेकरू पटापट. १८५७ पासून काही वर्षं पूना कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता एडविन अर्नोल्ड. हाच पुढे लंडनला परत गेला आणि बुद्धाच्या आयुष्यावर 'द लाइट ऑफ एशिया' लिहून जगभर गाजला. १८६४ मध्ये कॉलेज इथून वानवडीला हललं, नाव झालं डेक्कन कॉलेज. १८६८ पासून येरवड्याला, जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीची मदत मिळालेल्या इमारतीत. आज तुम्ही ज्याला डेक्कन कॉलेज म्हणून ओळखता, त्याचा जन्म बाजीराव रोडवरचा.

मग आग. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबाग वाडा दोन्ही पेटले. बुधवारवाडा पूर्ण गेला, विश्रामबागचा मोठा भाग गेला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस ते. सरकारचा संशय सगळ्या पुण्यावर, त्यातही शिकलेल्या ब्राह्मणांवर. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांची त्याच महिन्यात धुळ्याला बदली झाली, तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जायची. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलंय. शेवटी आगीबद्दल पकडला गेला तो सरकारी बुकडेपोत काम करणारा माणूस. (आणि योगायोग बघा, 'लाइट ऑफ एशिया' छापून आलं तेही १८७९ मध्येच.)

आता मला जे मुद्दाम सांगायचंय ते. पेशव्यांचे बाकीचे वाडे आठवा. शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळाला. शनिवारवाडा १८२८ मध्ये, राहिला तो तट आणि दरवाजे. बुधवारवाडा १८७९ मध्ये. विश्रामबागही जळाला होता, पण त्याला परत उभं केलं. लोकांनी वर्गणी दिली, नगरपालिकेने पैसे घातले. का? माझं मत असं की शहराला त्याचं काम होतं. तिथे शाळा भरायची, कचेऱ्या चालायच्या. पेशव्याची आठवण म्हणून कुणी दोन लाखांचं लाकूड परत उभं केलं नसतं, निदान त्या काळात तरी. पुढे नगरपालिकाच इथे येऊन बसली. १९५० मध्ये पुण्याची महानगरपालिका झाली, तेव्हा शहराचा कारभार याच वाड्यातून चालायचा. नळाची तक्रार, घरपट्टी, जन्माचा दाखला. पोस्टाचं ऑफिसही इथलंच. तुमच्या आजोबांनी इथून मनीऑर्डर केली असेल, विचारून बघा.

अर्थात कचेऱ्यांनी वाड्याचे हालही कमी केले नाहीत. पार्टिशनं, वायरी, ऑइलपेंटचे थर, कोरलेल्या खांबाला ठोकलेले खिळे. नंतर पालिकेने डागडुजी करून घेतली, आत शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं, 'पुनवडी ते पुण्यनगरी'. ते चांगलंच झालं. पण सामान हलल्यावर घर जसं मोठं आणि पोकळ वाटतं, तसं मला त्या वरच्या मजल्यावर वाटलं होतं.

आणि भिडे वाडा? तिथे खाली दुकानं होती, वर्षानुवर्षांचे भाडेकरू होते, स्मारकासाठी कोर्टात लांबलचक भांडण झालं. मधल्या काळात वाडा मोडकळीला आला. २०२३ च्या डिसेंबरात, कोर्टाच्या निकालानंतर, तो रात्रीतून पाडला, स्मारक बांधायला. ज्या घरात शाळा निघाली ते गेलं, आणि ज्या घरात शाल मिळाली ते उभं आहे.

तर पुढच्या वेळी तुळशीबागेत आलात की पिशव्या मित्राकडे द्या आणि विश्रामबागच्या दरवाज्यापुढे दोन मिनिटं उभे राहा. प्रवेश चालू असेल तर आत जा. खांबांवरचं कोरीवकाम हात न लावता बघा. आणि तुमच्या घरातल्या कुणी या वाड्यात नोकरी केली असेल, दाखला काढला असेल, रांगेत उभं राहून वैतागलं असेल, तर त्यांच्याकडून ती गोष्ट रेकॉर्ड करून घ्या आणि आम्हाला पाठवा. पेशव्याची कागदपत्रं जपणारे बरेच आहेत, क्लार्क आजोबांची गोष्ट फक्त तुमच्या फोनमध्ये मावणार आहे.

भेटू पुढच्या भागात.