किल्ली काढल्यावरही फिरणारे इंजिन

उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. कुर्ल्यात तयार होणारी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सीतळांवरून निवृत्त झाली. तरीही या गाड्या हौसेने सांभाळणारी घरे देशभर आहेत, आणि त्या घरांतून एक तक्रार हटकून ऐकू येते. गाडी फाटकाशी उभी राहते, मालक किल्ली काढून खिशात टाकतो, आणि इंजिन मात्र आचके देत, खडखडत आणखी काही क्षण फिरतच राहते. शेजारी हसतात, मालक ओशाळतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्री निर्णय देतो : हेड उतरवावे लागेल.

हा खर्च पुष्कळदा अनाठायी असतो, कारण या इंजिनावर किल्लीची सत्ता मुळात मर्यादित आहे. ती वीज तोडते. प्लगची ठिणगी बंद होते, एवढेच. पेट्रोलवर तिचा अंमल नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल उरलेले असते, आणि पिस्टन हलत आहे तोवर त्याच्या ओढीने ते आत जातच राहते. अशा वेळी सिलिंडरातील काजळीचा खडा, प्लगचे टोक किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची झिजलेली कड निखाऱ्यासारखी तापलेली असली, म्हणजे ठिणगीवाचूनही मिश्रण पेटते. मंद फिरणाऱ्या इंजिनात त्याला पेट घेण्यास अवधीही भरपूर मिळतो. डिझेल इंजिनाशी असलेल्या या साम्यावरूनच मिस्त्री या विकाराला ‘डिझेलिंग’ म्हणतात.

परीक्षेचा आरंभ हत्याराने नव्हे, कानाने करावा. किल्ली काढल्यावर इंजिन पूर्वीइतक्याच संथ, सुरेल लयीत चालू राहिले, तर वीज तुटलेलीच नाही. दोष स्विचमध्ये किंवा तारांत आहे. आचके आणि खडखडाट असेल, तर मात्र हा उष्णतेचा विकार होय.

त्यानंतर पाहावयाची ती उभ्या गाडीतील इंजिनाची गती. गाडी उभी असता इंजिन मिनिटाला साधारण सहाशे ते आठशे फेरे घेत असावे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गती याहून बरीच जास्त असेल, तर थ्रॉटल किंचित उघडे राहते आणि किल्ली काढल्यावरही इंजिनाला हवा व इंधन मुबलक मिळते. स्क्रू उलटा फिरवला की झाले, असे वाटेल. पण तसा तो फिरवला की बहुधा इंजिन बंद पडते, आणि मालक तो पुन्हा आवळतो. घोटाळा येथेच आहे. त्या स्क्रूखाली कोणीतरी दुसराच दोष झाकून ठेवलेला असतो. ठिणगी उशिरा पडत असेल, तर मिश्रण उशिरा जळते, शक्ती कमी मिळते, आणि उष्णता एक्झॉस्टच्या वाटेवर साचते. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल, तर मिश्रण विरळ होऊन इंजिन अडखळते. दोन्ही प्रसंगी गती वाढवणे हा मिस्त्रीचा सोपा उपाय, आणि तोच विकाराचे मूळ ठरतो. म्हणून आधी टायमिंग व गॅस्केट, मगच स्क्रू.

प्लग चुकीच्या जातीचा, म्हणजे उष्णता लवकर न सोडणारा असेल, तर तो बदलणे स्वस्त पडते. रेडिएटर तुंबलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे. आताच्या वीस टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलला जळण्यासाठी हवा कमी लागते. जुन्या जेटमधून ते वाहिले की मिश्रण आपोआप विरळ होते. एवढे सगळे पाहूनही खडखडाट उरला, तर काजळीचा संशय घ्यावा आणि हेड उतरवावे. वर्षानुवर्षे केवळ गल्लीबोळांतून हळूहळू हिंडलेल्या गाडीत तो संशय खराही ठरतो.

दुरुस्ती होईपर्यंत चालकाने एक युक्ती करावी. ब्रेक घट्ट दाबून गाडी वरच्या गिअरमध्ये घालावी, किल्ली काढावी आणि क्लच सावकाश सोडावा. इंजिन तत्काळ थांबते. ते तसेच आचके देत फिरू देणे बरे नव्हे. क्वचित ते उलटेही फिरते, आणि त्या धक्क्यांचा भार बेअरिंगांवर पडतो.

पुढे काही कार्ब्युरेटरांत विजेवर चालणारी एक लहानशी झडप आली. किल्ली काढताच ती मंद गतीच्या जेटची वाट बंद करते. गाडीत ती असेल, तर किल्ली लावताना बॉनेटखालून ‘टक्’ असा बारीक आवाज यावयास हवा. तो येत नसेल, तर त्या झडपेची तार सुटली आहे काय, हे सर्वांआधी पाहावे.