डिपॉझिटच्या खिडकीपाशी



काकांच्या बायपाससाठी आम्ही एक एकर रान विकलं. सरकारी रुग्णालयात लांबची तारीख मिळत होती, म्हणून खासगीत नेलं. तिथं डिपॉझिट भरल्याशिवाय दाखल करेनात. ते रुग्णालय धर्मादाय न्यासाचं आहे, हे मला वर्षभरानं कळलं. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयानं ठरवून दिलेली ही योजना २००६ पासून आहे. उत्पन्नाचा दाखला तर काकूच्या ट्रंकेतच होता! मी इंजिनिअर, दिवसभर इंटरनेटवर. पण खिडकीपाशी साधं विचारलं नाही. तुमच्यावर वेळ आली, तर आधी तिथल्या समाजसेवकाला गाठा. मलाही फोन करा, रात्री-अपरात्री चालेल. काका आता बरे आहेत. त्या बांधावरून जाताना मान फिरवतात.