घोडा अडेना
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, लहानपणी आपण सगळ्यांनीच एक कोडं ऐकलेलं असतं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. गेल्या हिवाळ्यात माझ्यापुढं याच्या उलट कोडं आलं. घोडा अडेचना! आणि हा घोडा होता बंदुकीचा.

कवी माणसाचा बंदुकीशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. माझा भाचा लोणी काळभोरजवळच्या एका मळ्यात पेंटबॉलच्या मैदानावर कामाला आहे. हिरवा-पिवळा रंग भरलेल्या, जिलेटिनच्या पातळ कवचाच्या गोळ्या एकमेकांवर मारायच्या, रंग लागला की गडी बाद, असा हा खेळ. ज्यातून गोळी सुटते तिला खेळाडू बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात. मार्कर म्हणजे खूण करणारं यंत्र. हे नाव उगीच पडलेलं नाही. अमेरिकेत जंगलातल्या झाडांवर आणि गुराढोरांवर लांबून रंगाची खूण करता यावी म्हणून ही पिस्तुलं बनली. 1981 साली न्यू हॅम्पशायरच्या रानात बारा जणांनी तीच हातात घेऊन पहिला खेळ मांडला.

तर एका रविवारी सकाळी भाचा मार्कर तपासत होता. त्यानं चाप एकदाच ओढला, पण गोळ्या थांबेनात. बोट काढलं तरी धडधड चालूच. समोरच्या एका मुलाच्या मुखवट्याच्या काचेवर वाफ धरली होती, ती पुसायला त्यानं मुखवटा नुकताच वर केला होता. गोळी त्याच्या खांद्यावर फुटली. वीतभर वर लागली असती तर? ही गोळी सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास वेगानं जाते. उघड्या डोळ्याला लागली तर डोळा जाऊ शकतो.

संध्याकाळी भाचा कापडी पिशवीत मार्कर घेऊन माझ्या घरी आला. बी. ए. होईपर्यंत मी सायकलच्या दुकानात पंक्चरं काढली आहेत, रॉकेलचे स्टो दुरुस्त केले आहेत, हे त्याला ठाऊक. म्हणाला, ‘‘मामू, मालक म्हणतात चूक माझी. तुम्ही बघा ना.’’

आधी गोळ्यांचा डबा काढला, नळीच्या तोंडावर टोपण चढवलं, वायूची बाटली सोडवली. बाटली काढली तरी आत थोडा वायू उरतो, तो अंगणातल्या मातीकडं तोंड करून सोडून दिला. मग विचार सुरू केला.

या साध्या बनावटीच्या मार्करमध्ये चाप ओढला की खटका सुटतो आणि स्प्रिंगच्या जोरानं घोडा झडपेवर आदळतो. झडप उघडते. थोडा वायू गोळी बाहेर फेकतो, उरलेला घोड्याला मागं ढकलतो. घोडा पुरेसा मागं आला की खटका त्याला धरतो. जरासा जरी कमी आला, तरी खटक्याला तो सापडत नाही, स्प्रिंग त्याला पुन्हा पुढं फेकते आणि तेच चक्र चालू राहतं.

मी घोडा हातानं मागं ओढला. खट्‌कन धरला. दहा वेळा ओढला, दहाही वेळा धरला. म्हणजे खटका झिजलेला नव्हता. मग दोष एक तर ढकलणाऱ्या वायूचा, नाही तर घोड्याच्या वाटेतल्या अडथळ्याचा. थंडीत कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीतला दाब उतरतो, म्हणून पहिला संशय पहाटेच्या गारठ्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हात, मोकळ्या मैदानात, मुखवटे घालून, भरलेली नवी बाटली लावून पाहिलं. तीच धडधड.

तेव्हा घोडाच बाहेर काढला. त्याच्यावरचं रबरी कडं, आपल्या भाषेत वायसर, फुगून गुबगुबीत झालेलं. ‘‘तेल कुठलं घालतोस?’’ तो म्हणाला, ‘‘मोटारसायकलचं, मामू. तिथं तेच दिलंय.’’ स्टोच्या चामडी वायसरला तेल लागलं की तो मऊ होऊन कामाला लागतो. इथलं रबर खनिज तेलानं फुगतं आणि घोड्याला नळीत घासून धरतं. नवा वायसर बसवला, मार्करसाठी मिळतं त्या तेलाचे चार थेंब सोडले. एक चाप, एक गोळी. घोडा अडला!

मार्कर पिशवीत ठेवताना भाचा थबकला. ‘‘मामू, काल येताना बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. कुणी उघडून पाहिली असती आणि वर माझं नाव विचारलं असतं तर?’’

श्रोतेहो, यंत्राचा दोष मी शोधू शकलो. या प्रश्नाला मात्र माझ्याकडं पाना नव्हता, की वायसर नव्हता. मी चपला घातल्या आणि मैदानापर्यंत त्याच्याबरोबर बसनं गेलो. पिशवी माझ्या मांडीवर होती. तेलाची गोष्ट मालकांच्या कानावर मीच घातली. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तेल बदललं. भाचा अजून कामावर आहे. आता तो मुलांना मार्कर द्यायच्या आधी प्रत्येकाचा मुखवटा स्वतःच्या हातानं ओढून पाहतो.