सिलॅबस मागून घ्या

यंदा तुमच्या घरातलं कुणी इथे अमेरिकेत कॉलेजला फिल्म किंवा मीडियाचा कोर्स घेत असेल, तर त्याचा सिलॅबस मागून वाचा. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. इथे तो जवळजवळ करारच असतो. किती गैरहजेरी चालेल, उशिराला किती गुण कापणार, एआय वापरायचा की नाही, सगळं त्यात.

मी वाचला नव्हता. लेकीच्या लघुपटाची पटकथा एका रात्रीत ‘सुधारून’ दिली. क्लायंटची प्रेझेंटेशनं सुधारायची सवय, दुसरं काय! वर्गात ‘क्रिटिक’ असतं, म्हणजे एकमेकांच्या कामावर समोरासमोर चर्चा. तिथे विचारलं, हा संवाद असा का? तिला सांगता येईना. न सांगता घेतलेली मदत नियमाबाहेर, शून्य गुण.

मी प्राध्यापकांना ईमेल केला. उत्तर आलं, १९७४च्या फेर्पा कायद्याने गुणांची माहिती विद्यार्थिनीची, तिच्या संमतीशिवाय बोलणार नाही. फी मी भरतो, तरी!

आणि हो, डिसेंबरची भारताची तिकिटं काढण्याआधी क्रिटिकच्या तारखा विचारा. तो दिवस चुकला, तर घरी कितीही काम करा, भरून निघत नाही.

लेकीने पटकथा पुन्हा लिहिली आहे. मला अजून दाखवलेली नाही.