'वे' आणि वाट

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



शंभर वर्षे वाचकांची वाट पाहत आलेल्या या वास्तूत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. सुरतेच्या पूर्वेस, बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. तेथे मी बरीच वर्षे संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकविले. त्या वर्गात माझ्या हातून घडलेली एक चूक आणि तिने मला शिकविलेला धडा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम या नावाविषयी. पर्वत हे जुन्या गावाचे नाव आणि पाटिया म्हणजे पाटी. हमरस्त्यावर ज्या ठिकाणी आतल्या गावाची पाटी लागते, त्या ठिकाणालाच गुजरातेत पाटिया म्हणतात. आपण त्याला फाटा म्हणतो. आपण फुटणाऱ्या वाटेवरून नाव दिले, त्यांनी ती दाखविणाऱ्या पाटीवरून. एकाच जागी उभ्या असलेल्या दोन भाषांना दोन गोष्टी दिसल्या. माझ्या सांगण्याचे सार खरे तर एवढ्यातच आहे.

ताप्तीच्या खोऱ्यातून सुरतेहून अमळनेरपर्यंत रेल्वे झाली, ती १९०० च्या सुमारास. पुढे त्याच मार्गाने धुळे, जळगाव, नंदुरबारकडची असंख्य कुटुंबे सुरतेच्या यंत्रमागांवर आली आणि लिंबायत, उधना, पर्वत पाटिया या भागांत स्थिरावली. त्यांची मुले घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी आणि मराठी शाळेत गेली तर प्रमाण मराठी बोलतात. इंग्रजी त्यानंतर येते.

अशाच एका मुलाला मी एकदा इंग्रजीत विचारले, "आज लवकर का निघालास?" त्याने थोडा विचार केला आणि उत्तर दिले, "सर, माय मदर इज सीइंग माय रोड." वर्ग हसला. खेदाची गोष्ट अशी, की सर्वांत आधी मी हसलो. 'आई माझी वाट पाहते आहे' हे त्याने शब्दाला शब्द ठेवून सांगितले होते. मी फळ्यावर 'वेटिंग फॉर मी' लिहिले आणि पुढे गेलो. मुलगा आठवडाभर मुकाट्याने आला आणि मग यायचा थांबला.

महिन्याभराने त्याची आई मला रस्त्याच्या कडेला भेटली. दिवेलागणीची वेळ होती. ती बारडोलीच्या दिशेने एकटक पाहत उभी होती. मी चौकशी केली तेव्हा म्हणाली, "सर, पोरगा आता कामावर जातो. यायची वेळ झाली, म्हणून वाट देखते." घरात ओढगस्त होती, माझ्या हसण्यामुळेच त्याने शिक्षण सोडले, असे मी म्हणत नाही. परंतु ती बाई खरोखरच त्याची वाट पाहत होती, डोळ्यांनी रस्ता पाहत होती. त्याच्या वाक्यात इंग्रजी चुकले होते, अनुभव चुकला नव्हता. मी मात्र दोन्हींना एकदमच हसलो होतो.

त्यानंतर मी कोश उघडून बसलो. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश आणि त्याच परंपरेतला कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश आपल्यासारख्या ग्रंथालयांनीच जपले आहेत. शोधता शोधता ध्यानात आले, की इंग्रजीचा 'वे' आणि आपली 'वाट' या सख्ख्या बहिणी नव्हेत. 'वे'चे नाते 'वह्' म्हणजे वाहून नेणे या धातूशी आहे. आपले वाहन त्याच कुळातले. 'वाट' आली 'वर्त्मन्' या शब्दावरून, आणि त्याचा धातू 'वृत्', वळणे. त्या कुळातला शब्द इंग्रजीत 'होमवर्ड'च्या शेवटी बसला आहे. होमवर्ड म्हणजे घराकडे वळलेला.

म्हणूनच इंग्रजीत जेथे जेथे 'वे' आहे तेथे तेथे आपण वाट घालू शकत नाही. 'ऑन द वे' म्हणजे वाटेत, येथवर ठीक. पण 'इन द वे' म्हणजे आड येणे. 'बाय द वे'ला आपण 'जाता जाता' म्हणतो. 'अ लाँग वे टु गो' म्हणजे अजून बराच पल्ला गाठायचा आहे. जमीन 'गिव्ह्ज वे' म्हणजे ती खचते. बोलण्याचा 'वे' ही बोलण्याची रीत. उलट आपण एखाद्याची वाट लावतो तेव्हा इंग्रजीला रस्त्याची आठवणही होत नाही. वहिवाट हा शब्द तर शेजारच्या गुजरातीतही तसाच पोहोचत नाही. तेथे 'वहीवट' म्हणजे कारभार. बडोदे संस्थानात तालुक्याचा अधिकारी वहिवाटदार असे, तो याच अर्थाने.

आणि तरीही दोन्हीकडची माणसे चालली आहेत ती पायांनीच. 'मेथड' या शब्दाच्या पोटात ग्रीक 'होडॉस' म्हणजे रस्ता आहे. आपली पद्धत म्हणजे 'पद' आणि 'हति', पावलांनी तुडवून झालेली वाट. मैल म्हणजे रोमन लोकांची हजार दुहेरी पावले. कोस म्हणजे क्रोश, हाक ऐकू जाईल एवढे अंतर. अरबी मंझिल म्हणजे उतरण्याचे ठिकाण, तिची आपण मजल केली. कोणी अंतर पावलांनी मोजले, कोणी हाकेने, कोणी मुक्कामाने.

हे सारे समजल्यावर मी शिकविण्याची पद्धत बदलली. मुलाचे वाक्य पुसून टाकण्याऐवजी ते फळ्यावर राहू देऊ लागलो. शेजारी इंग्रजीचे वाक्य लिहायचे आणि विचारायचे, "आपण येथे काय पाहतो? इंग्रज येथे काय करतो?" मुले स्वतःच शोधू लागली. चुका पूर्वीइतक्याच झाल्या. मात्र त्यांची लाज वाटेनाशी झाली.

याच सुरतेत दादोबा पांडुरंग तर्खडकर इंग्रजी शाळेत शिक्षक होते, आणि १८४४ साली तेथे स्थापन झालेल्या मानवधर्म सभेशीही त्यांचा संबंध होता. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारा हा माणूस गुजराती नगरात इंग्रजी शिकवीत होता. एक भाषा शिकविण्यासाठी दुसरी खाली पाडावी लागत नाही, हे समजायला मला मात्र एका मुलाचे नुकसान व्हावे लागले.

तो मुलगा पुन्हा वर्गात आला नाही. आज तो कोठे असेल तेथे त्याचे क्षेम असो. आपल्या ग्रंथालयाला माझी एकच विनंती आहे. कोशांच्या कपाटापाशी एक लहान बाक ठेवावा. एखादे मूल आपले मोडके इंग्रजी घेऊन येईल, त्याला तेथे बसवावे आणि न हसता विचारावे, "बाळ, तुला नेमके काय म्हणायचे आहे?"