माझा धर्म, माझी भाषा, माझे मत
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. मनात बरीच वर्षे घोळत आहे, तेवढेच सांगते.

लग्न होऊन मी या आळीत आले, त्या वर्षी शेजारच्या काकूंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावले. मी गेले खरी, पण काकूंचा हात करंड्यावर थबकला. मीच म्हटले, "काकू, कुंकू नको, पण तिळगूळ घेतल्यावाचून जायची नाही." सगळ्याजणी हसल्या. त्या नाताळात माझ्या करंज्यांचे पहिले ताट त्यांच्याकडे गेले. "अगं, या तर आमच्यासारख्याच!" काकू म्हणाल्या. वेगळ्या कशा असतील?

ख्रिस्ती झाला की माणूस परका झाला, असे पुष्कळांना वाटते. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. पण त्यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापले गेले, ते मराठी ओवीत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर आपल्यापैकी बहुतेकींनी वाचली असतील. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले, आणि त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला गेलेल्या स्त्री-प्रतिनिधींतही त्या होत्या. धर्म बदलला म्हणून देश सुटला नाही.

एका निवडणुकीत आमच्या दारावरचा क्रूस पाहून एक कार्यकर्ता "तुमची मते ठरलेलीच" असे म्हणून पायरीवरूनच परतला. वाईट वाटले. पण पुढच्या रविवारी, उपासना सुटल्यावर, आमच्याच एका वडीलधाऱ्यांनी मत कोणाला द्यायचे ते सांगितले, तेव्हा त्याहून वाईट वाटले. माझे मत काय, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही!

माझे आजोबा गावकुसाबाहेर वाढले. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने त्यांना पाणवठा मोकळा केला नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात मात्र आमच्यासारख्यांना जागा मिळाली नाही. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. हा अन्याय आहे असे मी मानते. पण लग्न जुळवताना आमच्या मंडळीतही "मूळचे कोण?" असे हळूच विचारले जाते. सरकारला दोष देताना हे झाकून ठेवणे खरेपणाचे नव्हे.

आपला शेजारी कोण, असे ख्रिस्ताला विचारले तेव्हा त्याने परक्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. ती मनात ठेवून मी मत देते. उमेदवार माझ्या मंडळीसाठी काय करील, एवढेच पाहत नाही. ज्याच्या दारी नळ नाही त्याच्यासाठी काय करील, हे आधी पाहते. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य घटनेच्या २५ व्या कलमाने दिले आहे. ते मी ना पक्षाच्या स्वाधीन करीन, ना मंडळीच्या.

काकू आता नाहीत. त्यांची सून दर संक्रांतीला मला बोलावते आणि करंडा बाजूला ठेवून तिळगुळाची वाटी पुढे करते. माझी श्रद्धा तिने जपली, आणि शेजारही जपला. आपल्या मंडळाकडून याहून अधिक मी काय मागू?