कंपनीत की कंपनीचा?

विषयपत्रिकेवर छापलं होतं, ‘एक इंग्रजी शब्द, अनेक अर्थ’. चिंचवडच्या सभागृहात वसंतातल्या व्याख्यानमालेची तिसरी संध्याकाळ. पंखे वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करणारे. पुढच्या दोन रांगा निवृत्तांच्या, आणि मागे दाराजवळ गळ्यात ओळखपत्राच्या फिती अडकवलेली पोरं. वक्तेही टूलरूममधून निवृत्त झालेले. भाषेचा नाद उशिरा लागलेला, म्हणून जरा जास्तच. शब्द कुठला, ते त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं : कंपनी.

लॅटिनमध्ये ‘पानिस’ म्हणजे भाकरी, तेव्हा कंपनी म्हणजे एका भाकरीचे वाटेकरी. मग 31 डिसेंबर 1600 ची राणी एलिझाबेथची सनद. मग ईस्ट इंडिया कंपनी. “हे तुम्हाला ठाऊकच आहे,” म्हणत ते दोन मिनिटांत दोनशेहून अधिक वर्षं ओलांडून खडकीला पोचले. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनीही माना डोलावल्या. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीच्या लढाईत पेशव्यांची फौज हरली, हे चिंचवडकरांना कोण सांगणार! जुन्या मराठी कागदांत कंपनीचं रूप ‘कुंपणी’ असंही सापडतं, तिथं मात्र ते रेंगाळले. “आपल्या माणसाला त्यात आधी कुंपण दिसलं. कुंपणानं शेत खाल्लं, ते नंतर कळलं.”

टाळ्या आल्या आणि वक्त्यांना धीर आला. आता ते मूळ मुद्द्यावर उतरले. ‘कंपनी’चे अर्थ कोशात मोजत बसू नका, तिला लागलेला प्रत्यय बघा. कारण हा शब्द आता इंग्रजी राहिलेलाच नाही. बसचं आपण बसेस करतो. कंपनीचं कंपनीज कोण करतो? नदी-नद्या, तशी कंपनी-कंपन्या. नदीला, कंपनीला. बाई घरात नांदायला लागली, आता माहेरचं नाव कशाला विचारता?

पहिली घेतली सप्तमी. ‘कंपनीत आहे’ म्हणजे कारखान्यात आहे. इंग्रजीत कंपनी म्हणजे संस्था, भागीदार, कायद्यानं निर्माण केलेली व्यक्ती. पिंपरी ते चाकण या पट्ट्यात कंपनी म्हणजे गेट, पत्र्याचं छप्पर, मशिन. ती भरते, सुटते, आणि गुरुवारी तिला सुट्टी असते. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. मालक केंद्र सरकार, पण लोकांच्या तोंडी ‘एचए कंपनी’. टेल्कोची तर आणखी गंमत. त्या नावातला शेवटचा ‘को’ म्हणजेच कंपनी, तरी आपण ‘टेल्को कंपनी’ म्हणून ती दोनदा म्हटली. 2003 मध्ये नाव टाटा मोटर्स झालं. “रिक्षावाल्याला टाटा मोटर्स रोड सांगून बघा,” वक्ते म्हणाले, आणि पुढच्या रांगेतली निम्मी माणसं एकदम हसली.

इथं देहूरोडहून आलेले एक निवृत्त सुभेदार उठले. कंपनी म्हणजे शंभर-सव्वाशे जवान, ती राहिली कुठं? “येतोय साहेब, प्रत्ययाच्या क्रमानं येतोय,” वक्ते जरा घाईनं म्हणाले. आले नाहीत. वळले नाटकाकडे. 1880 ची किर्लोस्कर नाटक मंडळी, 1913 ची गंधर्व नाटक मंडळी. पाटीवर ‘मंडळी’ आणि बोलण्यात ‘कंपनी’. कोल्हापुरात 1929 साली निघालेल्या प्रभातनं मात्र नावातच ‘फिल्म कंपनी’ लिहिलं, आणि 1933 मध्ये ती पुण्याला आली. नाटक कंपनीचं बिऱ्हाड एकत्र, पंगत एकत्र. भाकरीचा अर्थ तिथं शाबूत होता. उलट 2013 च्या कंपनी कायद्यानं एकट्या माणसालाही कंपनी काढायची मुभा दिली. “भाकरी आहे, वाटेकरी कुठाय?”

तृतीयेला सभागृह थोडं गप्प झालं. ‘कंपनीनं ब्रेक दिला.’ सही साहेबाची असते, निरोप सुपरवायझरचा असतो, पण वाक्यात कर्ता कंपनी. कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी व्यक्ती, असा निकाल लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं 1896 साली सॉलोमन खटल्यात दिला होता. “आपल्याकडे तो निकाल कुणी वाचला नाही, पण ‘ने’ प्रत्यय बरोबर लागतो.” दाराजवळची पोरं तेवढी हसली.

मग षष्ठी, आणि तिथंच वेळेचं गणित चुकलं. एका मुलाच्या बघण्याची गोष्ट ‘दोन मिनिटांत’ सांगतो म्हणाले. मुलगा लातूरकडचा, आयटीआय केलेला, चाकणला कामाला. स्थळ भोसरीचं. पोहे आले. पोह्यांत शेंगदाणे होते की नाही, यावर वक्त्यांची दोन मिनिटं गेली. मुलीचे मामा जुने टर्नर. त्यांनी पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. विचारलं एवढंच, “कंपनीत आहेस की कंपनीचा आहेस?”

सभागृहात खसखस पिकली. प्रश्न सगळ्यांना कळला होता. सुट्या भागांच्या दुकानात ‘कंपनीचा’ म्हणजे अस्सल, दुसरा लोकल. माणसांत ‘कंपनीचा’ म्हणजे पर्मनंट, दुसरा कंत्राटी. मुलगा म्हणाला, “मामा, बूट कंपनीचे, जेवण कंपनीत. फक्त पगाराच्या चिठ्ठीवर नाव दुसऱ्याचं.” 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदार वेगळा आणि प्रमुख नियोक्ता वेगळा, हे कलमं घालून मांडलं होतं, मामांनी तेच ‘त’ आणि ‘चा’ एवढ्यात उरकलं. वक्ते इथून कॅन्टीनवर गेले. 250 हून अधिक कामगार असतील तर कॅन्टीन हवं, ही तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमात होती. भाकरी एकच, वाटेकरी दोन जातींचे...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. वक्त्यांनी ती वाचली, उलटी ठेवली आणि म्हणाले, “पंचमी आणि संबोधन राहिलंय.” “संबोधन कशाला? कंपनी हाक मारते ना, भोंग्यानं!” मागून कुणीतरी ओरडलं. घंटा वाजली. “त्या लग्नाचं काय झालं?” एका बाईंनी विचारलं, पण तोवर आभार मानणारे माइकपाशी पोचले होते. “वक्त्यांनी आपल्याला तासभर छान कंपनी दिली,” ते बोलून गेले. वक्ते खुर्चीतून अर्धे उठले. “हाच! हाच अर्थ राहिला होता!” पण तोवर माइक बंद झाला होता आणि सुभेदार चहाकडे निघाले होते.

बाहेर तिसऱ्या पाळीची बस उभी होती. काचेवर कंपनीची पाटी, पत्र्यावर कुठल्याशा ट्रॅव्हल्सचं नाव. दाराजवळची पोरं धावत जाऊन चढली. पायरीवर चहाचा कप घेऊन उभे असलेले वक्ते शेजारच्याला कोपरानं ढोसून विचारत होते, “आता ही बस कंपनीची म्हणायची का, सांगा.”